जुनं तोकारेव पिस्तूल: साठवणीचं ग्रीस नेमकं कुठपर्यंत काढायचं?

आडवाटेचा

नमस्कार मंडळी. मी टेक्ससमध्ये डॅलसजवळ राहतो, पेशानं मेकॅनिकल इंजिनिअर. जुनी यंत्रं उघडून बघायची आवड लहानपणापासूनची. गेल्या महिन्यात रुमानियन टीटीसी पिस्तूल विकत घेतलं. सोव्हिएत तोकारेव टीटी-३३ चीच ही रुमानियात बनलेली आवृत्ती. फ्रेमवर १९५३ साल कोरलेलं आहे आणि शेजारी त्रिकोणातला बाण, म्हणजे ट्रान्सिल्व्हानियातल्या कुजीर कारखान्याची खूण. मूळ तोकारेवला वेगळी सेफ्टी नसते, घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायचा एवढीच सोय. अमेरिकेत आयात करताना सेफ्टी लागतेच, म्हणून माझ्या पिस्तुलावर ती नंतर बसवलेली आहे.

पिस्तूल हातात आलं तेव्हा खालचं लोखंड दिसतच नव्हतं. काकवीसारखं तपकिरी ग्रीस, कोपऱ्यांत तर वाळून मेणासारखं घट्ट झालेलं. दुकानदार म्हणाला, "वरचं पुसा आणि वापरा, आतून साफ करूनच आलंय." मी विश्वास ठेवला. रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं बाहेरचं पुसलं, नळीतून ब्रश फिरवला, नळी आरपार स्वच्छ आहे हे दिव्यासमोर धरून बघितलं आणि शनिवारी रेंजवर गेलो.

पहिल्या आठ काडतुसांतली तीन उडाली नाहीत. घोडा पडायचा, पण आवाज कसा, ओल्या लाकडावर टिचकी मारल्यासारखा. दर वेळी नळी समोर धरूनच मनात तीस आकडे मोजले आणि मगच काडतूस बाहेर काढलं. त्यांच्या बुडावर फायरिंग पिनचा (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईचा) ठसा होता, पण नखानं चाचपावा लागेल इतका पुसट.

काडतुसं नवीन आहेत, चांगल्या कंपनीची. घोड्याची स्प्रिंग जुनी झाली असेल का? की ग्रीस अजून कुठे राहिलंय? आणि राहिलं असेल तर किती खोलवर उघडायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

सुभेदार_निवृत्त

भाऊ, सर्वांत आधी: ते पिस्तूल आता बंद करून ठेवा. पुरतं साफ होईपर्यंत एक गोळी घालू नका.

स्प्रिंगला दोष देऊ नका. फायरिंग पिनच्या भोकात ग्रीस भरलंय. मी मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढली, त्यातली बरीच वेपन ट्रेनिंगला. आमच्याकडे लांब मुदतीसाठी कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, ठेवायच्या हत्याराला मिनरल जेली लावत. बाहेर काढलं की जवान वरून पुसून चकाचक करायचा आणि खूश व्हायचा. आम्ही बोल्ट (रायफलचा पिन असलेला सरकता भाग) उघडायला सांगायचो, तिथे जेली हमखास सापडायची.

आता नीट ऐका, कारण ही गोष्ट जिवाची आहे. तुमची पिन ग्रीसमध्ये रुतून हळू चालली, म्हणून काडतूस उडालं नाही. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. तीच पिन पुढे येऊन ग्रीसमध्ये चिकटून राहिली असती तर तिचं टोक बाहेर राहिलं असतं. मग स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) सोडल्यासरशी नवं काडतूस त्या टोकावर आपटतं आणि चापाला हात न लावता गोळी सुटते. एक सुटली की दुसरी, मॅगझीन संपेपर्यंतसुद्धा.

पिन बाहेर काढल्याशिवाय हत्यार साफ झालं असं म्हणायचंच नाही.

ओहायोतला_नाना

सुभेदारसाहेबांशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडे मोसिन-नागांत, म्हणजे जुनी रशियन लष्करी रायफल आहे, तिच्या बोल्टमध्ये हेच झालं होतं.

मी सुटे भाग पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवून ओव्हनमध्ये तापवले होते. ग्रीस पाण्यासारखं वाहून गेलं, पण घरभर जो वास बसला तो आठवडाभर गेला नाही. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करू नका, कृपा करून. त्याच ओव्हनमध्ये मुलांसाठी केक होतो.

रसायनी

रसायनशास्त्राच्या बाजूनं थोडं लिहिते.

अमेरिकेत या ग्रीसला सरसकट कॉस्मोलिन म्हणतात. ते मुळात एका व्यापारी मालाचं नाव, नंतर सगळ्याच साठवणीच्या ग्रीसला चिकटलं. रशियन भाषेत त्याचं लोकनाम आहे 'पुशेच्नोये सालो', म्हणजे तोफेची चरबी. पण त्यात प्राण्याची चरबी नसते. मुख्यतः पेट्रोलॅटम, म्हणजे आपल्या व्हॅसलीनच्याच घराण्यातलं, आणि गंज रोखणारी काही द्रव्यं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यातला हलका, उडून जाणारा भाग निघून जातो आणि मागे मेण उरतं. बाहेर मऊ पण सांध्यात घट्ट, हे त्यामुळेच. जिथे थर पातळ तिथे ते लवकर वाळतं.

ते काढायचे दोन मार्ग, उष्णता आणि द्रावक. साधारण ४५ ते ५० अंश सेल्सियसला कॉस्मोलिन वितळू लागतं. म्हणजे टेक्ससच्या उन्हात काळ्या पिशवीत ठेवलेला ट्रेसुद्धा पुरेल. उकळतं पाणी फार जलद काम करतं, पण पाण्यातून काढलेलं गरम लोखंड डोळ्यांदेखत गंजू शकतं, त्यामुळे लगेच कोरडं करून तेल लावायची तयारी हाताशी हवी.

द्रावकात मिनरल स्पिरिट्स किंवा रॉकेल. पेट्रोल अजिबात नको. त्याची वाफ थंडीतही पेट घेते आणि जमिनीलगत पसरत लांबच्या ठिणगीपर्यंत जाते. द्रावक कधीही तापवायचं नाही. आधी उष्णता, भाग थंड होऊ द्यायचे, मग द्रावक, हाच क्रम. उघड्यावर बसा, नायट्राइलचे हातमोजे घाला.

आणि हे सिंकमध्ये ओतू नका. तूप थंडीत मोरीत थिजतं तसंच हे पाइपात थिजतं, फक्त ते काढायला गरम पाण्याची एक बादली पुरत नाही. काउंटीच्या घातक कचरा केंद्रात नेऊन द्या.

मोगरा७

थोडं विषयांतर. मी इथे एच-१बी वर आहे. आपल्याला असं काही घेता येतं का? आणि दादा, घरात लहान मुलं आहेत का तुमच्या? विचारते म्हणून राग मानू नका.

आडवाटेचा

@मोगरा७, राग कसला, विचारायलाच हवं. धाकटी नऊ वर्षांची आहे. पिस्तूल भिंतीला बोल्टनं जखडलेल्या तिजोरीत असतं, काडतुसं वेगळ्या खोलीत वेगळ्या कुलपात. सफाईच्या टेबलावर तर काडतूस येतच नाही. ते सगळं आवरून, दुसऱ्या खोलीत बंद करूनच मी पिस्तूल बाहेर काढतो.

एच-१बी बद्दल: संघराज्याच्या कायद्यानं नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू नाही. मी स्वतः नागरिक झाल्यावरच घेतलं. तुमचा विचार असेल तर इथल्या कुणाच्या शब्दावर जाऊ नका, वकिलाला विचारा. इमिग्रेशनचा प्रश्न आहे.

सुभेदारसाहेब, मनापासून आभार. ते वाचून रात्री झोप लागली नाही. उद्या रविवार आहे, सगळं उघडतो.

कृष्णाकाठ

हा धागा दोनदा वाचला. माझा प्रश्न पिस्तुलाचा नाही, पण ग्रीसचाच आहे.

आमचे वडील सांगलीजवळ शेती करायचे. त्यांची परवान्याची बारा बोअर दुनळी होती. रानडुकरं उसात शिरायची तेव्हा ते ती घेऊन बांधावर बसायचे. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. देण्याआधी ते स्वतः तिला पिवळं ग्रीस लावून जुन्या धोतरात गुंडाळायचे. ते गेल्यावर बंदूक परवानाधारक डीलरकडे ठेवली होती. आता भावाच्या नावे परवाना झाला आणि ती घरी आली. धोतर तेच आहे. ग्रीस लाकडी दस्त्यात इतकं मुरलंय की हात लावला की चिकटतो. रॉकेलात बुडवून चालेल का? नळ्यांवरचा काळा रंग काही ठिकाणी तांबूस दिसतो, तिथे आई म्हणते पितांबरी लावू या.

रसायनी

कृष्णाकाठ ताई, पितांबरी नको! चिंच, लिंबू, व्हिनेगर, काहीही आंबट नको. नळीवरचा काळा थर म्हणजे लोखंडाचंच एक ऑक्साइड, मॅग्नेटाइट. त्याला ब्लूइंग म्हणतात. आम्लानं तांब्या चकचकीत होतो, पण नळीवरचा हा थर विरघळून जातो आणि खाली उघडं पोलाद राहतं. तांबूस डागावर पातळ तेल लावून तासभर ठेवा आणि मऊ फडक्यानं हळूहळू घासा. निघेल तेवढं निघेल, उरेल ते राहू द्या.

दस्ता बुडवायचा नाही. लाकूड द्रावक पिऊन घेतं आणि मुरलेलं ग्रीस आणखी आत नेतं. खडूची बारीक पूड मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून उटण्यासारखा लेप द्या आणि सावलीत वाळू द्या. पूड तेल शोषून पिवळी पडते. झटकून पुन्हा लेप द्या. तीन-चार वेळा करावं लागेल.

नंतर जवसाचं तेल लावणार असाल तर ती फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेटतं. दोरीवर एकेक पसरून वाळवा.

सुभेदार_निवृत्त

ताई, परवाना भावाच्या नावे झाला हे फार चांगलं केलंत. बऱ्याच घरांत वडील गेल्यावर बंदूक माळ्यावर पडून राहते. शस्त्र कायदा १९५९ चं कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही तर विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची. तुम्ही तसंच केलंत.

पण बंदूक भावानं साफ करायची, परवाना त्याचा आहे. तुम्ही शेजारी बसून सांगा. सुरुवात बंदूक सांध्यातून उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघून आणि बोटानं चाचपून. मग नळ्या सुट्या करायच्या. ग्रीस नळीत बूच होऊन बसलं असेल तर आधी काठीला फडकं गुंडाळून ढकलायचं, मग रॉकेल, मग कोरडं, मग तेल. नळीत बूच असताना उडवली तर नळी फुगते किंवा फाटते.

आमच्याकडे पुल-थ्रूला (नळीतून ओढायच्या सफाईच्या दोरीला) लावायच्या चिंधीचंसुद्धा माप ठरलेलं. पुसायला चार इंच बाय दोन, तेल द्यायला चार बाय दीड. दोन इंची चिंधी घट्ट बसते आणि सगळं तेल ओरबाडून काढते, दीड इंची सैल जाते आणि मागे पातळ थर ठेवते. ते माप रायफलच्या नळीचं. बारा बोअरला फडकं मोठं लागेल, पण रीत तीच. कोरडं करताना घट्ट, तेल देताना सैल.

धोतराचं काय करणार?

कृष्णाकाठ

सुभेदारसाहेब, धोतर धुऊन ठेवणार आहे. ग्रीसचे डाग जाणार नाहीत, माहीत आहे.

आडवाटेचा

रविवारचा वृत्तांत. लांब आहे, पण ज्याच्यावर ही वेळ येईल त्याला उपयोगी पडेल म्हणून तपशिलात लिहितोय.

सकाळी मॅगझीन काढलं, स्लाइड ओढून चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) दोनदा बघितलं. तोकारेव उघडायला सोपं आहे. उजव्या बाजूला स्लाइड-स्टॉपचं टोक एका छोट्या पोलादी क्लिपनं धरलेलं असतं, ती क्लिप मागे सरकवली की स्लाइड-स्टॉप डावीकडे निघतो आणि स्लाइड नळीसकट पुढून बाहेर येते. नळीखालचा तो हलणारा दुवा बघितला की ब्राउनिंगचं १९११ पिस्तूल आठवतं, रचनाकार तोकारेवनं कल्पना तिथूनच उचलली. पण एक गोष्ट पूर्णपणे त्याची स्वतःची आहे. घोडा, त्याची स्प्रिंग, सीअर (ताणलेला घोडा अडवून धरणारा भाग) हे सगळं एकाच सुट्या ठोकळ्यात बसवलेलं, आणि तो ठोकळा बोटांच्या चिमटीत वर उचलला जातो. घोड्याची मुख्य स्प्रिंगसुद्धा घोड्याच्याच पोटात. कडाक्याच्या थंडीत, हातमोजे घालून दुरुस्ती करणाऱ्या शिपायाचा विचार त्यामागे असणार असं मला तो ठोकळा हातात धरून फार जाणवलं.

ठोकळा ग्रीसनं भरलेला होता. दुकानदाराचं 'आतून साफ' इथेच खोटं ठरलं.

मुठीच्या पट्ट्यांना बाहेरून स्क्रू नाहीत. मॅगझीनच्या पोकळीतून स्क्रूड्रायव्हर घालून आतली पोलादी पट्टी फिरवली की एक बाजू सुटते, मग त्या उघड्या बाजूनं दुसरी. खाली बोटभर ग्रीस, आणि त्यात १९५३ पासून कुणाचं तरी चिकटून राहिलेलं फडक्याचं सूत. पट्ट्या मात्र मी द्रावकात घातल्या नाहीत, कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुतल्या. ब्रेक क्लीनरचा फवारा हाताशी होता, पण त्यानं प्लॅस्टिक खराब होतं असं ऐकून होतो, म्हणून लांब ठेवला.

फायरिंग पिन स्लाइडमध्ये एका आडव्या पिननं धरलेली असते. पंच आणि नायलॉनच्या हातोडीनं ती आडवी पिन बाहेर काढली. फायरिंग पिन तिच्या स्प्रिंगच्या जोरावर उडी मारून बाहेर यायला हवी होती. आली नाही. स्लाइड उलटी करून आपटली तरी नाही. मग स्लाइड ट्रेमध्ये ठेवून ट्रे काळ्या पिशवीत घातला, अंगणात उन्हात ठेवला आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. हत्याराचा भाग आहे, नजरेआड करायचा नाही. चाळीस मिनिटांनी पिशवी उघडली तर स्लाइडच्या मागच्या भोकातून तपकिरी धार लागलेली. चिमट्यानं पिन धरून ओढली आणि तिच्यामागोमाग मेणबत्तीच्या तुकड्यासारखी एक कांडी बाहेर आली, तिच्यावर स्प्रिंगच्या वेटोळ्यांचे ठसे जसेच्या तसे. तळहातावर धरून मी बराच वेळ बघत बसलो. एवढ्याशा गोष्टीवर शनिवारी माझा आणि शेजारच्या लेनमधल्या माणसांचा जीव टांगलेला होता.

भाग थंड झाल्यावर मिनरल स्पिरिट्स, जुना टूथब्रश, पाइप क्लीनर, टोकदार लाकडी काड्या. तारेचा ब्रश पोलादावर लावला नाही, नळीत मात्र तीस कॅलिबरचा ब्राँझचा ब्रश फिरवला. एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस नळीतून ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाचेत सर्वांत जास्त वेळ गेला. मॅगझीनही उघडलं, त्याची स्प्रिंग लोणच्याच्या फोडीसारखी निथळत होती. नंतर बसवलेली सेफ्टीही विसरलो नाही.

शेवटी सगळीकडे तेलाचं बोट, फक्त पिनच्या भोकात जवळजवळ कोरडं ठेवलं.

सुभेदार_निवृत्त

शाबास! पिनचं भोक कोरडं ठेवलंत हे उत्तम. तिथे जास्त तेल घातलं की धूळ आणि काजळी धरून पुन्हा तीच गत.

आता तपासणी. जोडण्याआधी पिनचं मागचं टोक दाबा. पुढचं टोक बाहेर यायला हवं आणि सोडल्याक्षणी आत जायला हवं. रेंगाळली तर पुन्हा उघडा. जोडल्यावर रिकाम्या पिस्तुलाच्या नळीत खोडरबरवाली पेन्सिल रबराकडून घाला, नळी छताकडे करा, चाप ओढा. पेन्सिल जोरात उडाली पाहिजे. चेंबर रिकामं आहे हे मात्र पेन्सिल घालायच्या आधी पुन्हा एकदा बघायचं, कितीही वेळा बघितलेलं असो.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझीनमध्ये दोनच काडतुसं घाला. आठ नाहीत. दुसरी आपोआप सुटली तर तिथेच थांबेल.

रसायनी

एक भर. पुढेमागे जुनी लष्करी ७.६२ × २५ काडतुसं स्वस्तात मिळाली तर लक्षात ठेवा, त्यातल्या बऱ्याच जुन्या मालाच्या कॅपमध्ये (काडतुसाच्या बुडावरच्या, पिन आदळल्यावर पेटणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असतं. उडाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड राहतं. ते मिठासारखंच, हवेतलं पाणी ओढून रात्रीत गंज चढवतं. रॉकेल किंवा तेलानं ते जात नाही. ग्रीसला रॉकेल, मिठाला पाणी. गरम पाण्यानं नळी धुवा, पुसा, वाळवा, मग तेल.

आडवाटेचा

पेन्सिल छतापर्यंत गेली. काल रेंजवर आधी दोन, मग पुन्हा दोन, मग चारदा पूर्ण मॅगझीन. एकूण ३६ काडतुसं, एकही चुकलं नाही. ठसा आता खोल आणि मधोमध आहे.

पण घरी येऊन बघितलं तर मागच्या साइटच्या खाचेतून आणि सेफ्टीच्या कडेतून तपकिरी घाम आलेला. गरम झाल्यावर उरलेलं बाहेर येतंय. आज परत उघडलं, पिन पुन्हा काढली. भोक स्वच्छ होतं, बाकीचं पुसलं.

सुभेदार_निवृत्त

अजून दोन-तीन वेळा येईल. दर वेळी पिन काढून बघा.

कृष्णाकाठ

भावानं नळ्या साफ केल्या. आत आरशासारखं आहे, वडिलांनी कधी गंज धरू दिला नव्हता. दस्त्यावर दुसरा लेप वाळतोय, पहिली पूड हळदीसारखी पिवळी निघाली. रसायनी ताई, तिसऱ्या लेपानंतर जवसाचं तेल किती दिवसांनी लावायचं?

रसायनी

पूड पांढरी निघेपर्यंत लेप देत राहा. नंतर आठवडाभर सावलीत ठेवा आणि मग लावा, अगदी पातळ, तळहातानं चोळून.